दिवाळीच्या सुटीतील सहा कोडी : सायबर-सुरक्षा शिकविण्याची एक पद्धती

कुलूप कसे उघडते हे ज्यास ठाऊक नाही, त्यास चांगले कुलूप कोणते हेही सांगता येत नाही. सायबर-सुरक्षेचे जे शिक्षण आज प्राथमिक शाळांतून दिले जाते, त्यात ही उणीव राहून गेली आहे. 'ओटीपी कोणास सांगू नये', 'अनोळखी लिंक उघडू नये' अशी निषेधवाक्ये मुले तोंडपाठ म्हणतात. परंतु पाठ असलेले वाक्य आणि अंगी बाणलेली सावधगिरी या दोन भिन्न गोष्टी होत. फसविणारा मनुष्य पाठ्यपुस्तकातील शब्द वापरीत नाही. तो नवा वेष घेऊन येतो, आणि पाठांतर तेथेच अपुरे पडते.

हा प्रश्न खेड्यातील शाळेस विशेष जवळचा आहे. पुष्कळ घरांत एकच फोन असतो, आणि त्यावरील मजकूर वाचून दाखविण्याचे काम पाचवी-सहावीतील मुलाकडे येते. जालना जिल्ह्यातील काही गावांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीस जातात, आणि मुले आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. आईवडिलांनी पाठविलेले पैसे ज्या खात्यात येतात, त्या खात्याचा खरा पहारेकरी अशा वेळी तो विद्यार्थीच असतो. त्यास पहाऱ्याचे शिक्षण देणे हे शाळेचे कर्तव्य ठरते.

१. पद्धतीचे मूळ

युरोपातील ख्रिस्ती घरांत नाताळपूर्वी एक दिनदर्शिका भिंतीवर लावण्याची चाल आहे. तीस चोवीस लहान खिडक्या असतात. १ डिसेंबरपासून मुलाने रोज एक खिडकी उघडावयाची, आणि आत एखादे चित्र वा खाऊ निघावयाचा. या चालीचा उपयोग संगणक-सुरक्षेच्या शिक्षकांनी मोठ्या चतुराईने करून घेतला. 'ट्रायहॅकमी' या ब्रिटिश संस्थेने २०१९ पासून दर डिसेंबरात रोज एक कोडे देण्याचा उपक्रम विनामूल्य चालविला आहे. नाताळच्या कथेत गुंफलेले ते कोडे सोडविताना नवशिक्या विद्यार्थ्यास संगणकातील कच्चा दुवा शोधावा लागतो. अमेरिकेतील 'सॅन्स' संस्थाही नाताळच्या सुमारास असेच आव्हान मांडीत आली आहे. शाळेतील मुलांकरिता कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ मध्ये 'पिकोसीटीएफ' नावाची स्पर्धा सुरू केली.

या उपक्रमांचे यश चार गोष्टींत आहे. काम लहान असते, ते रोज एकच असते, त्यास सणाच्या गोष्टीचा धागा असतो, आणि चुकल्यास काही गमवावे लागत नाही. या चारही गोष्टी संगणकावाचून साधता येतात. येथे 'हॅकिंग' या शब्दाने दचकून जाण्याचे कारण नाही. धन्याच्या अनुमतीने त्याचे कुलूप तपासणे ही विद्या आहे, आणि अनुमतीवाचून ते उघडणे ही चोरी आहे. हा भेद मुलांस पहिल्याच दिवशी सांगावा.

२. सुटीपूर्वीचा तास : गुप्त लेखन

मराठी मुलखास ही विद्या नवी नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिपींत लिहून ठेवले, आणि पंथाबाहेरील वाचकांस ते शतकानुशतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली, आणि प्राचीन मराठी गद्याचे भांडार अभ्यासकांस खुले झाले. बोटांच्या खुणांनी बोलण्याची करपल्लवी आणि अंकांनी लिहिण्याची अंकपल्लवी याही आपल्याकडील जुन्या युक्त्या होत.

सुटी लागण्यापूर्वी एक तास अंकपल्लवीस द्यावा. शाळेपुरती रीत सोपी ठेवावी. क-वर्गास १, च-वर्गास २, ट-वर्गास ३, त-वर्गास ४, प-वर्गास ५, 'य र ल व' यांस ६ आणि 'श ष स ह ळ' यांस ७ हा अंक द्यावा. पहिला अंक वर्गाचा व दुसरा त्या वर्गातील अक्षराच्या क्रमाचा. काना, मात्रा व अनुस्वार सोडून द्यावेत. म्हणजे 'जालना' हा शब्द २३-६३-४५ असा लिहिला जाईल. नंतर फळ्यावर ५५-३२ आणि ५३-४३-४५-५१-६२ असे लिहून हे कोणते तालुके ते विचारावे. मुले मंठा व बदनापूर ही नावे लवकरच शोधून काढतील.

त्यानंतर खरा प्रश्न घालावा. वर्गांचे अंक बदलून शिक्षकांनी एक नवी किल्ली मनात धरावी, ती मुलांस सांगू नये, आणि जिल्ह्यातील एका तालुक्याचे नाव त्या किल्लीने लिहावे. 'परतूर' हे नाव घेतल्यास दुसरी व चौथी जोडी सारखीच येते. दुसरे व चौथे अक्षर सारखे असलेले चार अक्षरी नाव कोणते, असा विचार मुलांनी केला की किल्लीवाचून कुलूप उघडते! नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या पंडिताने अक्षरांच्या पुनरावृत्तीवरून गुप्त लेख उकलण्याची जी रीत लिहून ठेवली, तिचे हे बालरूप होय. कुलूप दिसावयास अवघड असले, तरी त्यातील एखादी सवय चोरास वाट दाखविते, हे मुलांच्या ध्यानी येते. पुढील सहा कोड्यांचे सूत्र हेच आहे.

३. सहा दिवस, सहा कोडी

प्रत्येक मुलास सहा घड्या घातलेला एक कागद द्यावा, आणि रोज एकच घडी उघडण्यास सांगावे. तिथींच्या फेरामुळे एखाद्या वर्षी दोन सण एकाच दिवशी येतात. तेव्हा एक कोडे मागेपुढे करावे.

वसुबारस. गाय हजार वासरांत आपले वासरू ओळखते. त्या दिवशीचे कोडे खरा पत्ता ओळखण्याचे असावे. पोस्टाच्या पत्त्यात माणसाचे नाव आधी व जिल्हा शेवटी येतो, आणि पत्र शेवटच्या नावाकडे प्रथम जाते. संकेतस्थळाच्या पत्त्याचेही तसेच आहे. आरंभीची अक्षरे व दोन तिरप्या रेघा सोडून पुढील तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्यावा, आणि तो शेवटाकडून वाचावा. 'पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन' हा पत्ता शासनाचा आहे. 'पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम' हा पत्ता मात्र अमुकतमुकाचा आहे, शासनाचे नाव केवळ पुढे चिकटविले आहे. असे खरे-खोटे सहा पत्ते कागदावर देऊन मुलांस निवड करावयास लावावी.

धनत्रयोदशी. पैसा कोणत्या दिशेने जातो, हे त्या दिवशीचे कोडे. 'कापसाचे पैसे जमा करण्यासाठी हा चौकोन स्कॅन करून पिन टाका' असा निरोप आला, तर त्यात चूक कोठे आहे? यूपीआयचा पिन खात्यातून पैसे बाहेर जाण्यासाठी लागतो, ते आत येण्यासाठी लागत नाही. हे वाक्य मुलाने घरातील प्रत्येकास आपल्या शब्दांत समजावून सांगावे, आणि ज्यांना पटले त्यांची नावे कागदावर लिहून आणावीत.

नरकचतुर्दशी. हे कोडे गणिताचे. चार अंकी पिन १०,००० प्रकारचा होऊ शकतो. परंतु कोणी जन्माची तारीख व महिना घेऊन पिन केला, तर प्रकार केवळ ३६६ उरतात. एका प्रयत्नास पाच सेकंद लागतात असे धरल्यास सर्व १०,००० पिन तपासण्यास १३ तास ५३ मिनिटे लागतील, आणि ३६६ तपासण्यास सुमारे अर्धा तास पुरेल. हे उत्तर मुलाने स्वतः काढावे. पुढचा प्रश्न असा : काही चुकीच्या प्रयत्नांनंतर बँक व्यवहार थांबविते, मग चोर काय करील? विचार करणारे मूल उत्तर देईल की, चोर पिन शोधीत बसणार नाही, तो मालकासच विचारील. फसवणुकीच्या फोनचे मर्म या एका उत्तरात आहे.

लक्ष्मीपूजन. अंगणात ठिपक्यांची रांगोळी असतेच. फोनच्या पडद्यावरील नऊ ठिपक्यांचे कुलूप ही तशीच रांगोळी होय. किमान चार ठिपके जोडण्याच्या नियमाने तिचे ३,८९,११२ प्रकार होतात. तरीही पुष्कळ लोक डाव्या वरच्या कोपऱ्यापासून आरंभ करून एखादे अक्षर काढतात. मुलाने पाटीवर नऊ ठिपके काढून भावंडांस खेळापुरती एक नवी रेघ काढावयास सांगावे व ती ओळखून पाहावी. फोनचे खरे कुलूप या खेळात वापरू नये. तेलकट बोटांची खूण पडद्यावर कशी उमटते तेही पाहावे.

बलिप्रतिपदा. बळीराजाच्या कथेत याचक तीन पावले भूमी मागतो. मागणे लहान दिसले, तरी त्याचा विस्तार केवढा होता हे दान दिल्यावर कळले. फोनमधील ॲप असेच 'अनुमती' मागते. कागदावर पाच ॲपे व त्यांची मागणी लिहून द्यावी. विजेरीच्या ॲपला संदेश वाचण्याची अनुमती कशासाठी हवी? लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा लाभार्थ्यांची यादी या नावाने 'एपीके' या अक्षरांनी संपणारी फाईल पुष्कळांस येते. ती घेऊन अनुमती दिली की फोनवरील संदेश चोर वाचू शकतो. तेव्हा ओटीपी तोंडाने कोणास सांगितला नाही, तरी तो चोरास मिळतो. नुसते निषेधवाक्य पाठ करणे का पुरत नाही, याचे यापरते उदाहरण नको.

भाऊबीज. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये चोरीस गेले. २८ देशांतील एटीएम यंत्रांतून पैसे काढले गेले. एरवी प्रत्येक मागणीस बँकेची यंत्रणा खाते पाहून उत्तर देते. चोरांनी मध्ये आपला खोटा उत्तर देणारा बसविला, आणि तो प्रत्येक मागणीस 'होय' म्हणत राहिला. उत्तर देणारा कोण आहे हे पडताळले नाही, तर केवढे नुकसान होते हे यावरून दिसते. आता माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल यंत्राने करता येते. म्हणून त्या दिवशी बहीणभावांनी व आईवडिलांनी मिळून घरचा एक संकेतशब्द ठरवावा. अडचणीचे कारण सांगून कोणी पैसे मागितल्यास तो शब्द विचारावा, अथवा फोन बंद करून ओळखीच्या क्रमांकावर उलट फोन करावा. संकेतशब्द शाळेच्या कागदावर लिहू नये. 'ठरविला' एवढेच लिहावे.

४. शिक्षकांनी घ्यावयाची काळजी

कोणत्याही कोड्यात खरा पिन, खरा ओटीपी, आधार क्रमांक वा खातेक्रमांक येता कामा नये. ज्या घरी फोन नाही, त्या मुलास कमीपणा वाटू नये म्हणून सर्व कोडी कागदावरच ठेवावीत. दुसऱ्याचे खाते वा फोन अनुमतीवाचून उघडणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ६६ प्रमाणे त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. हुशार मुलास हे वेळीच सांगावे, परंतु त्याची हुशारी दडपून टाकू नये. असे मूल पुढे बँकेचा किंवा रुग्णालयाचा संगणक राखणारे होऊ शकते.

कोड्यांस गुण देऊ नयेत. चुकलेली उत्तरे वर्गात अधिक आदराने वाचावीत, आणि चूक कशी घडली याची चर्चा करावी. याचे कारण केवळ अध्यापनशास्त्राचे नाही. फसवणूक झाल्यावर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळविल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वी बँकेत रोखून धरण्याची संधी असते. ही संधी तासागणिक कमी होत जाते. ज्या मुलास मार बसण्याची भीती वाटते, ते मूल दोन दिवस गप्प राहते, आणि तेवढ्यात पैसा अनेक खात्यांतून निघून जातो. चूक उघडपणे सांगण्याची सवय वर्गात लागली, तर ती घरीही उपयोगी पडेल. पालकांच्या सभेत हीच गोष्ट आईवडिलांसही सांगावी, आणि १९३० हा क्रमांक प्रत्येक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा.

सुटी संपल्यावर पहिल्या दिवशीचा एक तास या कागदांसाठी राखावा. जी मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीच्या फडावर जाणार असतील, त्यांचे कागद निघण्यापूर्वीच पाहून घ्यावेत आणि त्यांच्याबरोबर परत द्यावेत. फडावरही फोन असतो, आणि तेथे तो वाचून दाखविणारे बहुधा तेच मूल असते.