खोटी शिकवण ओळखावी कशी?

वाचन: १ योहान ४:१-६, प्रेषितांची कृत्ये १८:२४-२८



दर रविवारी मिस्सामध्ये आपण उभे राहून विश्वासांगीकार म्हणतो. प्रभू येशू निर्माण केलेला नाही, तो पित्याशी एकतत्त्व आहे, असे आपण कबूल करतो. तोंडपाठ असल्यामुळे हे शब्द आपण भरभर म्हणून जातो. पण ते मोठ्या संघर्षातून आलेले आहेत.

चौथ्या शतकात इजिप्तमधील आलेक्झांड्रिया शहरात आरियस नावाचा धर्मगुरू होता. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे. तो सर्व सृष्टीत श्रेष्ठ असला तरी खरा देव नव्हे, असे तो शिकवू लागला. आरियस बायबल नाकारीत नव्हता. उलट नीतिसूत्रे ८:२२, योहान १४:२८ अशी वचनेच त्याचा पक्ष पुढे करीत असे. आपली मते त्याने पद्यातही मांडली. पुष्कळ भाविक, इतकेच नव्हे तर काही बिशपही त्याच्या बाजूला गेले.

इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे (आजच्या तुर्कस्तानातील इझनिक) धर्मपरिषद भरली आणि तिने ‘एकतत्त्व’ हा शब्द ठामपणे स्वीकारला. २०२५ मध्ये ह्या घटनेला १७०० वर्षे झाली. त्यानिमित्त पोप लिओ चौदावे इझनिकला गेले होते.

एका शब्दासाठी एवढा आग्रह का? कारण येशू जर केवळ सृष्टीचा भाग असेल, तर क्रुसावर आपल्यासाठी देव आलाच नाही, आणि आपले तारणही अधांतरी राहते. म्हणूनच संत अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाले, सुमारे सतरा वर्षे हद्दपारीत राहिले, पण मागे हटले नाहीत.

ओळखण्याच्या तीन खुणा

१. येशू कोण, हे ती शिकवण काय सांगते? खरा देव आणि खरा मनुष्य ह्यांतील एक बाजू जरी गळली, तरी संत योहानाची कसोटी लावावी.

२. वचन एकटेच तोडून काढले आहे का? सैतानानेही स्तोत्रातील वचन सांगितले होते (मत्तय ४:६). वचन संपूर्ण बायबलच्या, पवित्र परंपरेच्या आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या प्रकाशात वाचावे.

३. फळ काय? विश्वास असेल तर औषधे बंद करा, असे कोणी आजाऱ्याला सांगत असेल, तर बेनसिराचा ३८वा अध्याय उघडावा. वैद्याला देवानेच नेमले आहे, असे तो शिकवतो. जगाच्या अंताची तारीख कोणी सांगत असेल, तर मार्क १३:३२ वाचावे. आशीर्वादाची किंमत पैशात मागितली जात असेल, तर प्रेषितांची कृत्ये ८:२० आठवावे.

उत्तर द्यावे कसे?

इफिस येथे अपुल्लो मोठ्या उत्साहाने शिकवीत होता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला ह्या दांपत्याने त्याचे भाषण ऐकले. चारचौघांत त्याचा पाणउतारा न करता त्यांनी त्याला जवळ घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. पुढे तोच अपुल्लो मंडळीला मोठा आधार झाला. ती दोघे तंबू शिवणारी साधी माणसे होती. म्हणजे हे काम केवळ धर्मगुरूंचे नाही.

आपल्यापैकी कोणी वेगळ्या शिकवणुकीकडे ओढला गेला, की आपण त्याला नावे ठेवतो. पण तो आजारी होता, त्याची नोकरी गेली होती, तेव्हा त्याच्या घरी आपल्यापैकी कोण गेले होते? पुष्कळदा माणूस मतासाठी जात नाही, मायेच्या शब्दासाठी जातो. तेव्हा दार बंद करू नये. भेटावे, ऐकावे, सोबत प्रार्थना करावी. सत्य मात्र सौम्यपणे आणि स्पष्ट सांगावे. स्वतःला उत्तर ठाऊक नसेल, तर धर्मगुरूंना किंवा धर्मशिक्षकांना विचारावे.

कुटुंबात विचार करण्यासाठी

- विश्वासांगीकारातील कोणता भाग आपल्याला मुलांना समजावून सांगता येईल?
- मोबाइलवर आलेला धार्मिक संदेश पुढे पाठविण्यापूर्वी आपण त्याची पारख करतो का?
- ह्या आठवड्यात आपण कोणाच्या घरी जाणार आहोत?

आज विश्वासांगीकार म्हणताना प्रत्येक शब्द सावकाश म्हणू या.