चार्ल्स्टनचें बंदर व ‘प्लँटर’ आगबोट

अमेरिकेच्या नकाशांत आग्नेय किनाऱ्यावरून बोट फिरविलें असतां सेंट ऑगस्टीन, सव्हाना व चार्ल्स्टन हीं तीन जुनीं बंदरें दृष्टीस पडतात. पहिलें स्पॅनिश लोकांनीं १५६५ सालीं वसविलें. दुसऱ्यांतून १८१९ सालीं ‘सव्हाना’ हें जहाज वाफेच्या यंत्राची मदत घेऊन लिव्हरपूलला गेलें; तरी बहुतेक प्रवास शिडांवरच झाला. तिसऱ्या बंदरांतील एका आगबोटीची हकीकत येथें सांगावयाची आहे.

चार्ल्स्टनची वसाहत इंग्रजांनीं १६७० सालीं केली. ॲशली व कूपर या नद्यांच्या मुखाशीं असलेल्या या बंदरांतून तांदूळ, नीळ व पुढें कापूस परदेशीं जाई. हा माल पिकविणारे हात मात्र गुलामांचे होते. आफ्रिकेंतून आणलेलीं हजारों माणसें याच धक्क्यांवर उतरविलीं व विकलीं गेलीं. १८०८ सालीं परदेशांतून गुलाम आणण्यास बंदी झाली, पण गुलामगिरी राहिलीच. १८३४ च्या कायद्यानें तर गुलामांस लिहावाचावयास शिकविणें हाही साउथ कॅरोलायना संस्थानांत गुन्हा ठरला.

याच संस्थानांत रॉबर्ट स्मॉल्स हा १८३९ सालीं गुलाम म्हणून जन्मला. बाराव्या वर्षीं धन्यानें त्यास चार्ल्स्टनमध्यें मजुरीस लाविलें. मजुरीचा बहुतेक पैसा धनीच घेई. धक्क्यावर राबतां राबतां तो आगबोट चालविण्यास शिकला. वाळूचे दांडे कोठें, खोल पाणी कोठें, हें सर्व त्यास मुखोद्गत झालें.

१८६१ च्या एप्रिलांत बंदराच्या तोंडाशीं असलेल्या सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या व यादवी युद्ध पेटलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. अमेरिकेचा कापूस अडल्यामुळें आपल्या मुंबईंत कापसाचे भाव गगनास भिडले, व १८६५ सालीं युद्ध संपतांच तेथील अनेक पेढ्या बुडाल्या, हें पुष्कळांस ठाऊक आहे. कापूस वाहणारी ‘प्लँटर’ या वेळीं दक्षिणेच्या सैन्याची युद्धसामग्री नेऊं लागली. तिचें सुकाणू स्मॉल्सच्या हातीं होतें.

१३ मे १८६२ च्या पहांटेपूर्वीं गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेले असतां स्मॉल्सनें व त्याच्या सोबत्यांनीं बोट हांकारली, आणि वाटेंत बायकामुलांस घेतलें. कप्तानाची गवती टोपी घालून तो उभा राहिला. किल्ल्यांसमोर त्यानें ठराविक खुणेच्या शिट्या दिल्या. पहारेकऱ्यांनीं अंधारांत बोट जाऊं दिली. एक चुकीची शिटी झाली असती, तर सर्वांचा अंत ठरलेला! तोफांच्या माऱ्याबाहेर जातांच त्यांनीं पांढरी चादर उभारली व बोट उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केली. सोळा माणसें बंधमुक्त झालीं.

पुढें स्मॉल्स लिहावाचावयास शिकला. १८६८ सालीं संस्थानाच्या घटनापरिषदेंत त्यानें सर्व मुलांसाठीं मोफत शाळांचा पुरस्कार केला. तो अमेरिकन काँग्रेसचाही सभासद झाला, व ज्या धन्याच्या आवारांत जन्मला तें घरच त्यानें विकत घेतलें. १९१५ सालीं तो वारला. ‘प्लँटर’ त्यापूर्वींच, १८७६ सालीं, किनाऱ्यापाशीं फुटली होती.

विद्यार्थिमित्रहो, कायद्यानें स्मॉल्सपासून अक्षरें हिरावून घेतलीं. पण पाण्याची वाट वाचण्याचें त्याचें ज्ञान कोणास हिरावतां आलें नाहीं. आणि हातीं अधिकार येतांच त्यानें इतरांच्या मुलांकरितां शाळा मागितली. आपणांस ती सहज मिळाली आहे, याचा विचार व्हावा.