प्यादं एक घर की दोन घरं?

रात्रीचं जेवण उरकून कॉमन रूममध्ये पट मांडला की पहिल्या पाच मिनिटांत भांडण ठरलेलं. "आमच्याकडे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं." "अरे, राजाला एकदा घोड्याची चाल असते, एवढं माहीत नाही?" मग आवाज चढतात आणि शेवटी ज्याचा पट त्याचा नियम लागू होतो!

गंमत म्हणजे यात खोटं कुणीच बोलत नसतं. आहुप्यासारख्या भीमाशंकरच्या डोंगररांगेतल्या गावातून होस्टेलवर आलेला मुलगा आजोबांकडून शिकलेला खेळ खेळत असेल, तर तो 'चुकीचं' नव्हे, देशी बुद्धिबळ खेळतोय. पण उद्या हाच मुलगा आंतर-महाविद्यालयीन स्पर्धेत बसला तर? तिथे आजोबांचा नियम पंच मानणार नाहीत. म्हणून दोन्ही खेळांतला फरक एकदा नीट समजून घेऊ.

देशी डाव

देशी पद्धतीत प्यादं सुरुवातीलाही एकच घर सरकतं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला, शह बसला नसेल तर, डावात एकदा घोड्याची उडी मिळते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीचं मोहरं होतं. हत्तीच्या पट्टीत हत्ती, उंटाच्या पट्टीत उंट. बऱ्याच ठिकाणी एकट्या उरलेल्या राजाला 'बुर्जी' म्हणून सवलत मिळते आणि डाव बरोबरीत सुटतो. प्याद्याने मात करणं, म्हणजे 'प्यादेमात', हा तर मोठा मान. गावागणिक तपशील बदलतात, पण ढाचा हाच.

याचा परिणाम काय? प्यादी हळू सरकतात, त्यामुळे मारामारी उशिरा सुरू होते. दोन्ही बाजू आधी आरामात मोर्चेबांधणी करतात. म्हणून देशी खेळाडूचा मधला आणि शेवटचा डाव पक्का, पण सुरुवात कच्ची. आंतरराष्ट्रीय नियमांत दोन घरांच्या प्याद्यामुळे पहिल्या दोन-तीन चालींतच पटाच्या मध्यावर टक्कर होते. तिथे आरामाला वाव नाही.

दोन्ही पटांवरची माणसं

हा बदल आपल्याकडे फार जुना आहे. १८१४ साली, पुण्यात पेशवाई असताना, मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं एक पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं. मूळ संस्कृत, विषय बुद्धिबळातल्या अवघड स्थिती, आणि शीर्षकातच म्हटलं होतं की हे युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलं आहे! म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी एका शास्त्रीबुवांनी नवे नियम आत्मसात करून त्यावर पुस्तकसुद्धा लिहिलं.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या ब्रिटिश खेळाडूशी खेळत. सवय देशी, म्हणून ते प्यादं एकेक घर सरकवून उंट बाजूला बसवत. आज ज्यांना 'किंग्ज इंडियन' वगैरे म्हणतात त्या बचावांच्या नावातलं 'इंडियन' या डावांवरूनच आलं असं मानतात.

सर्वांत मोठं उदाहरण पंजाबच्या मीर सुलतान खानचं. लहानपणी वडिलांकडून देशी खेळ शिकला, आंतरराष्ट्रीय नियम विशीनंतर, १९२६ च्या सुमारास. तरी १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश विजेता! हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. ओपनिंगचं पुस्तकी ज्ञान तुटपुंजं, पण शेवटचा डाव असा की भलेभले गार. २०२४ मध्ये फिडेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं.

१९५५ ला एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा संयुक्त विजेत्यांत डी. वेंकय्या यांच्याबरोबर आपले रामचंद्र सप्रे होते.

एक स्थिती मांडून पाहा

पांढरा राजा डी६, पांढरं प्यादं ई६, काळा राजा डी८. बाकी पट रिकामा.

जिथे बुर्जी मानतात तिथे हात मिळवून चहा प्यायला जायचं. स्पर्धेत मात्र प्रश्न एकच: चाल कुणाची?

पांढऱ्याची असेल तर: प्यादं ई७, शह. काळा राजा ई८. आता प्यादं वाचवायला पांढऱ्याला राजा ई६ वर आणावा लागतो, आणि काळ्याला चालच उरत नाही. कुजी! डाव बरोबरीत.

काळ्याची असेल तर: राजा ई८ (सी८ ला गेला तरी ई७ नंतर वजीर होतोच). मग प्यादं ई७, या वेळी शह न देता. काळ्याला एकच चाल, राजा एफ७. पांढरा राजा डी७, पुढच्या चालीला वजीर, खेळ खलास.

लक्षात ठेवायची खूण: प्यादं सातव्या ओळीत शह न देता गेलं तर जिंकतं, शह देऊन गेलं तर बहुधा बरोबरी. अर्थात हत्तीच्या पट्टीतल्या प्याद्याला हा नियम लागू नाही.

स्पर्धेला जाण्याआधी

१) हात लावला ते मोहरं खेळायचंच. नुसतं नीट ठेवायचं असेल तर आधी तसं सांगा.
२) किल्लेकोट करताना आधी राजा उचला, तोही एकाच हाताने. आधी हत्तीला हात लावलात तर त्या बाजूचा किल्लेकोट त्या चालीला गेला.
३) जुना वजीर पटावर असला तरी दुसरा वजीर घेता येतो. पण वजीर हाताशी नाही म्हणून हत्ती उलटा ठेवू नका. पंचांच्या लेखी तो हत्तीच!
४) घड्याळ विसरू नका. वेळ संपली की जिंकत आलेला डावही जातो.

घड्याळाची किंमत २०२५ च्या महिला विश्वचषकात दिसली. नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे अंतिम फेरीतले दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला रॅपिडमध्ये, आणि दिव्या विजेती व त्याच क्षणी ग्रँडमास्टर झाली.

आणि नियमांची माहिती फक्त पटापुरती नसते. १९७६ मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की महिलांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. १९८१ मध्ये ती आशियाई महिला विजेती झाली. लेडीज होस्टेलमधल्या मैत्रिणींनो, कॉमन रूममधला पट तुमचाही आहे!

तर मंडळी, देशी डाव सोडू नका. सुट्टीत घरी गेलात की आजोबांशी त्यांच्याच नियमांनी खेळा. शेवटचा डाव तिथेच पक्का होतो. पण होस्टेलवर पट मांडताना पहिली चाल करण्याआधी विचारा, "कुठले नियम?" आणि स्पर्धेची तयारी करायची असेल तर आठवड्यातून एक रात्र तरी घड्याळ लावून, हात लावला ते खेळायचंच या बोलीवर बसा. सबमिशनच्या आठवड्यात मात्र नको!