मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली

चि. मनू,


गडचिरोलीला कॅज्युअल्टीत तुझी नेमणूक झाल्याचं दादाने कळवलं. तिथे सिकलसेलचे पेशंट तुला वरचेवर भेटतील. 2023 च्या जुलैत शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिचा भर तपासणीवर आहे. ते हवंच. पण ज्याला आजार आहेच, तो रात्री दोन वाजता दुखणं घेऊन तुझ्या दारात येणार. त्याच्यासाठी हे पत्र.

क्रायसिसमध्ये, म्हणजे दुखण्याच्या तीव्र झटक्यात, आलेल्या पोराकडे पाहून पुष्कळदा काहीच कळत नाही. जखम नाही, एक्सरे साफ, बीपी ठीक. आत मात्र वाकड्या झालेल्या लाल पेशींनी बारीक रक्तवाहिन्या तुंबलेल्या असतात आणि हाडाला प्राणवायू मिळत नसतो. हे दुखणं मोजणारं यंत्र नाही, पेशंट सांगतो तेच खरं. कुणी ओरडतो, कुणी भिंतीकडे तोंड करून पडतो, कुणी मोबाईल पाहत बसतो. लहानपणापासून सोसत आलेल्या माणसाला दुखणं लपवायची सवय लागते. त्याला कुणी नाटकी म्हणालं, तर तिथल्या तिथे थांबव.

‘हाडं फुटून राहिली, मॅडम’ असं ऐकलंस की घड्याळ पाहा. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2012 मध्येच सांगितलं आहे की पेशंट आल्यापासून 30 मिनिटांत वेदनाशामक मिळावं. अमेरिकी रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये तासाभराची मर्यादा घातली. केसपेपर व्हायचाय, रिपोर्ट यायचेत, बेड नाही, यातल्या कशासाठीही औषध अडू देऊ नकोस. दर अर्ध्या तासाने जाऊन विचार, उतरलं नसेल तर पुन्हा दे. तीव्र दुखण्याला मॉर्फिनच लागतं. श्वास आणि गुंगी यांवर लक्ष ठेव, पण द्यायला घाबरू नकोस. रुजू होशील त्याच दिवशी मॉर्फिनचं कपाट कुठे आहे आणि रात्री किल्ली कुणाकडे असते, ते विचारून ठेव.

‘मागच्या खेपेला अमुक इंजेक्शनने आराम पडला’ असं पेशंट सांगतो, तेव्हा त्याला व्यसनी ठरवणारे सहकारी भेटतील. मधुमेहाचा पेशंट इन्सुलिनचा डोस तोंडपाठ सांगतो, त्याला आपण जाणकार म्हणतो ना?

न ऐकण्याची किंमत केवढी असते पाहा. 2019 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात सिकलसेल असलेल्या 21 वर्षांच्या तरुणाने ऑक्सिजन मागितला. गरज नाही म्हणून सांगितल्यावर त्याने वॉर्डातल्या खाटेवरूनच 999 ला, म्हणजे तिथल्या आपत्कालीन सेवेला, फोन केला. तो वाचला नाही. रक्त वेळेत बदललं असतं तर तो वाचला असता, असं चौकशीत निघालं. सगळ्या सोयी असलेल्या शहरात हे घडलं, याची मला अजून चीड येते.

दुखणं उतरवत असतानाच त्यामागे काय दडलंय तेही शोध. छाती दुखणं, ताप, खोकला, घसरणारं सॅच्युरेशन दिसलं की लगेच एक्सरे काढ. दाखल झाला तेव्हा साफ असलेली छाती दोन-तीन दिवसांनीही भरते, म्हणून वॉर्डाला तसं लिहून दे. तापात अँटिबायोटिकला उशीर नको. पांढरंफटक पडलेलं मूल आणलं तर पोटाला हात लावून प्लीहा चाचप. एक हात लुळा, बोलणं अडखळतंय, तर क्षणाचाही विलंब न करता वरच्या रुग्णालयात पाठव.

सलाईनच्या बाटल्या मात्र चढवत राहू नकोस, जास्तीचं पाणी फुप्फुसात साठतं. हिमोग्लोबिन 7 दिसलं म्हणून लगेच रक्तही लावू नकोस. आधी त्याचं एरवीचं किती असतं ते विचार, कित्येकांचं तेवढंच असतं. दुखऱ्या जागी बर्फ कधीच नको, शेक दे.

घरी सोडताना हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का आणि गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात ते पाहा. गाव कुठलं, पावसाळ्यात नाला भरला तर रस्ता बंद होतो का, हेही विचार. होत असेल तर दुखण्याच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या दे, आणि कोणत्या औषधाने किती वेळात आराम पडला ते त्याच्या कार्डावर ठळक अक्षरात लिही.

तुझी,
आत्या