गोरोबाकाकांचे थापटणे

काही माणसांच्या चेहऱ्यावर हसू म्हणून कधी उमटत नाही. साधी थट्टाही त्यांना सहन होत नाही. अशा माणसाला इंग्रजीत पूर्वी गमतीने ‘सोबरसाइड्स’ म्हणत. आपल्याकडे ‘एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा’ असे म्हणतात. परंतु गंभीर मनुष्याला विनोदाचे वावडे असलेच पाहिजे काय? धाराशिव जिल्ह्यातील तेर गावच्या संत गोरोबांची कथा या प्रश्नाचे उत्तर देते.

तेर हे तेरणा नदीकाठचे प्राचीन गाव. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते ‘तगर’ या नावाने व्यापारासाठी प्रसिद्ध होते. याच गावी तेराव्या शतकात गोरोबा कुंभार राहत असत. संतमंडळींत ते वयाने वडील. म्हणून सर्वजण त्यांना आदराने ‘काका’ म्हणत.

एकदा ज्ञानदेव, नामदेव आदी संत एकत्र जमले होते. तेथे गोरोबांचे थापटणे पाहून लहानग्या मुक्ताबाईने विचारले, “काका, हे कशासाठी?”

“मडके कच्चे की पक्के, हे याने कळते, बाळ.”

“मग आपणही देवाने घडविलेली मडकीच ना? यांत कच्चे कोण, तेही सांगा!”

काका उठले आणि गंभीरपणे एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारू लागले. सारे संत शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली, तेव्हा मात्र ते रागावले. काका म्हणाले, “हे मडके अजून कच्चे आहे!”

नामदेवांच्या मनाला ते फार लागले. पण त्यांनी रुसवा धरून ठेवला नाही. औंढा नागनाथ येथे जाऊन त्यांनी विसोबा खेचरांना गुरू केले. पुढे त्यांची कीर्ती पंजाबापर्यंत पोहोचली. ‘गुरू ग्रंथ साहिब’ या शिखांच्या धर्मग्रंथात त्यांची ६१ पदे आहेत.

या कथेत सर्वांत वडील व गंभीर पुरुष कोण? गोरोबाकाका. तरीही एका लहान मुलीच्या खेळात ते आनंदाने सामील झाले. त्यामुळे त्यांचा मोठेपणा उणावला नाही. गांभीर्य मनात असते. त्यासाठी तोंड आंबट करावे लागत नाही. भाजलेले मडके टिचकी मारताच खणखणते, कच्चे मात्र बद्द वाजते. कोणी आपली निर्मळ थट्टा केली, तर आपला आवाज कसा निघतो, हे प्रत्येकाने स्वतःच ऐकून पाहावे. आणि तो बद्द निघाला, तरी निराश होऊ नये. कच्चे मडकेही पक्के होते, हे नामदेवांनी दाखवून दिले आहे.