विहिरीचा हरीम

सूरह मुल्क अनेक घरांत इशाच्या नमाजनंतर रोज पठण केली जाते. तिची अखेरची आयत माणसापुढे एक प्रश्न ठेवते. तुमचे पाणी जमिनीच्या पोटात खोल उतरून गेले, तर वाहते पाणी तुम्हांला कोण आणून देईल, असा त्याचा आशय आहे. मराठवाड्यातील वाचकाला या आयतीची तफसीर ग्रंथातून शोधावी लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता याच भागातील नद्यांना पूर आले.

हवामान बदलले याचा अर्थ आपल्याकडे केवळ पाऊस घटला असा नव्हे. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढल्याचे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. थोड्या वेळात कोसळलेले पाणी वाहून जाते. त्याला मुरायला सवड मिळत नाही. त्यातून महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. या खडकात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत, तेही मोजकेच. म्हणून एका शेतातील खोल बोअर शेजारच्या शेतातील विहिरीचेच पाणी ओढू शकतो. दोघांचे कागद वेगळे, बांध वेगळा, पण भेग एकच.

अशा वेळी इमामाकडे प्रश्न येतो : जमीन माझी, बोअर माझा, मग पाणी माझे नाही काय?

फिक्हचे उत्तर पुष्कळांना अनपेक्षित वाटते. घागरीत, हौदात किंवा टाकीत भरून घेतलेले पाणी भरणाऱ्याच्या मालकीचे होते. ते तो विकूही शकतो. परंतु हनफी फकीहांच्या मते विहिरीतील पाणी विहीर खोदणाऱ्याच्या मालकीचे नसते. त्याला प्रथम वापराचा हक्क मिळतो, एवढेच. तहानलेल्या माणसाचा आणि जनावराचा पिण्याचा हक्क त्या पाण्यावर कायम राहतो. या हक्काला ‘शफा’ म्हणतात. याचे मूळ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत आहे. पाणी, चारा आणि अग्नी यांत लोकांना त्यांनी भागीदार ठरविले. वाटेवर जास्तीचे पाणी असूनही वाटसरूला ते नाकारणारा माणूस कयामतच्या दिवशी अल्लाहच्या कृपादृष्टीला मुकेल, अशी ताकीद सहीह बुखारीत आली आहे.

आता हरीमचा विषय. हरीम म्हणजे विहिरीभोवतीचा राखीव घेर. मालक नसलेल्या पडीक जमिनीत कोणी विहीर खोदली, तर तिच्याभोवती ठरावीक अंतरात दुसऱ्याने खोदू नये, असा नियम आहे. जनावरांना पाणी पाजण्याच्या विहिरीसाठी हनफी ग्रंथांत चाळीस हात, झऱ्यासाठी पाचशे हात असे अंतर दिले आहे. शाफई फकीह ठरावीक आकडा न धरता गरजेनुसार घेर ठरवितात. कोकणातील आपल्या बांधवांना हे मत परिचित असेल. हेतू मात्र एकच : एकाच्या खोदण्याने दुसऱ्याचे पाणी तुटू नये.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हरीमचा हा नियम पडीक जमिनीचा आहे. स्वतःच्या मालकीच्या जमिनीत खोदणाऱ्याला जुन्या हनफी फकीहांनी बरीच मोकळीक दिली होती. शेजाऱ्याची विहीर त्यामुळे आटली तरी भरपाई त्यांनी लावली नाही. उलट इमाम मालिक (रह.) यांनी शेजाऱ्याच्या विहिरीला अपाय करणारे खोदकाम रोखण्याचे मत दिले. माझ्या मते जुनी मोकळीक आज जशीच्या तशी लागू करणे योग्य नाही. ते फकीह ज्या जगात लिहीत होते, तिथे पाणी दोराने आणि मोटेने निघत असे. बैल थकले की उपसा थांबे. पाणबुडी पंप थकत नाही. शिवाय कोणाला अपाय करू नये आणि अपायाची परतफेड अपायाने करू नये, हा हदीसमधून आलेला नियम चारही मजहबांना मान्य आहे. बोअर घेण्यापूर्वी शेजाऱ्याच्या विहिरीची चौकशी करणे म्हणूनच मला केवळ सौजन्य वाटत नाही. तो शेजाऱ्याचा हक्क आहे.

राज्याचा कायदाही याच दिशेने गेला आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेण्यास १९९३ च्या अधिनियमाने मनाई केली. पुढे २००९ च्या भूजल अधिनियमाने त्याची जागा घेतली. हा नियम चुकविण्यासाठी रात्री बोअर मारणाऱ्याला शरीअतमध्ये आधार शोधता येणार नाही.

वाहत्या पाण्याविषयी मदीनेतील महजूर ओढ्याचा निवाडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. वरच्या शेतकऱ्याने घोट्यापर्यंत पाणी अडवावे, मग खालच्यासाठी सोडावे, असे प्रेषितांनी (स.) ठरविले. वरच्याचा अग्रहक्क मान्य झाला, पण त्याला मर्यादाही लागली. कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेती असलेल्या माणसाला या निवाड्याचे मोल विचारावे.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही उधळपट्टी करू नये, ही हदीस आपण वारंवार ऐकतो. तिच्या सनदीवर मुहद्दिसांचा आक्षेप आहे. त्याहून भक्कम आधार सहीह रिवायतींत आहे : प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत. वेगवेगळ्या हिशेबांनी मुद्द म्हणजे पाऊण ते एक लीटर. मशिदीच्या नळाखाली बादली ठेवून आपल्या एका वुजूचे पाणी प्रत्येकाने एकदा मोजावे. वुजूचे वापरलेले पाणी हनफी फतव्यानुसार स्वतः पाक असते, मात्र त्याने पुन्हा वुजू होत नाही. ते झाडांना द्यायला किंवा शोषखड्ड्यात सोडायला काहीच हरकत नाही. गटारात सोडण्याचे कारणच नाही.

हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. आज सवाबच्या नियतीने बोअर मारून देणारे दाते पुष्कळ भेटतात. त्यांना माझी विनंती आहे की, नव्या बोअरऐवजी मशिदीच्या छताचे पाणी जुन्या बोअरजवळ मुरविण्याचा खर्च उचलावा. शंभर चौरस मीटर छतावर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर हिशेबाने ६०,००० लीटर पाणी होते. थोडे वाया गेले तरी उरते ते कमी नाही. पहिल्या सरींचे मळके पाणी बाहेर सोडावे, पुढचे वाळू-खडीच्या थरातून गाळून खड्ड्यात घ्यावे आणि हे काम मृग लागण्यापूर्वी उरकावे.