हॅमस्टर व्यायची झाली की

मादी गाभण आहे अशी शंका आली तरी नराला त्याच दिवशी बाहेर काढ. पिल्लं झाल्यावर बघू, असं म्हणायचं नाही. ही ड्वार्फ जात व्याल्यानंतर एका दिवसाच्या आत पुन्हा नर घेते. मग अंगावर पिणारी पिल्लं असतानाच पोटात दुसरी वाढू लागतात, आणि मुठीएवढा तो जीव पार गळून जातो. ड्वार्फ हॅमस्टरचे दिवस भरतात साधारण 18 ते 22 दिवसांत. तुझ्या लक्षात येईपर्यंत निम्मे सरलेलेही असतात. कॅम्पबेल जातीचा नर पिल्लांना सांभाळतो, बाळंतपणात मदतसुद्धा करतो, हे अभ्यासकांनी पाहिलंय. पण आपल्या डब्यातलं जनावर कॅम्पबेल, विंटर व्हाइट की दोन्हींची मिसळ, हे दुकानदारालाही धड सांगता येत नाही. तेव्हा काढच.

सोबत दुसरी मादी असेल तर तीही हलव. कालपर्यंत एकमेकींना चिकटून झोपत होत्या ना? पोटुशी मादी घरट्याची मालकीण होते, तिला शेजार चालत नाही. थोडा पाठलाग, थोडी चिरचिर एरवी चालायची. पण एक दुसरीला खाण्याजवळ येऊ देत नाही, दुसरी घरट्याबाहेर कोपऱ्यात झोपते, पाठीवर केस उपटलेले, ढुंगणाजवळ चावे दिसले की संपलं. भांडण सोडवायला हात घालू नकोस, कडकडून चावतात. मध्ये पुठ्ठा सरकव, एकीवर वाटी उपडी घाल. एकदा रक्त निघालं की पुन्हा जुळवायच्या फंदात पडायचं नाही. डबे शेजारी शेजारीही नकोत, वासानं दोघी बेचैन राहतात. ‘एकटी पडेल बिचारी’ हा आपला कळवळा, तिचा नाही.

आता आपल्या लोणावळ्याच्या हवेचं. या जनावरांचं मूळ घर सायबेरिया-मंगोलियाकडची कोरडी गवताळ माळरानं, आणि इथे वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस! जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तर डब्यातल्या भुशाचं काय होणार? मावळात भाताचा पेंढा फुकट मिळतो म्हणून तो घालशील, पण पावसाळ्यात तो आतून कुबट असतो. वखारीतला भुसा कुठल्या लाकडाचा ते कळत नाही; देवदार, पाइनचा उग्र वास त्यांच्या छातीला बाधतो. बिनवासाचा साधा टिश्यू फाडून दे, घरटं ती स्वतः बांधते. कापूस मुळीच नको, धागे पायाला गुंडाळतात आणि पोटातही अडकतात. डबा भिंतीला टेकवू नकोस, ओल उतरते. डिसेंबर-जानेवारीत खिडकीजवळ ठेवू नकोस. गारठ्यानं हॅमस्टर निपचित पडतं, आणि लोक मेलं समजून पुरायला निघतात. ओंजळीत धरून हळूहळू ऊब दे, तासभर वाट बघ.

मुंग्यांचंही बघ. उकडलेलं अंडं ठेवलं की त्या येतात, आणि उघड्या अंगाच्या पिल्लांना सोडत नाहीत. जाळीच्या कपाटाच्या पायांखाली आपण पाण्याच्या वाट्या ठेवायचो, तसंच स्टुलाला कर आणि त्यावर डबा ठेव. पिंजरा गजांचा असेल तर पिल्लं फटीतून निसटतात. काचेची टाकी किंवा जाळीचं झाकण लावलेला मोठा प्लास्टिकचा डबा बरा. वरचे मजले, चाक काही दिवस काढून ठेव.

खायला नेहमीचे दाणे, वर अंड्याचा कण, बिनमिठाचं पनीर, मोड आलेले मूग. चिक्की नाही! लोणावळ्यात पाहुणा आला की जो तो चिक्की पुढे करतो, आणि हिच्यापुढेही करेल. गूळ तिच्या गालांच्या पिशव्यांत चिकटून बसतो, आणि ड्वार्फांना मधुमेह पटकन जडतो. फळंसुद्धा जपूनच.

व्यायच्या आधी चार-पाच दिवस डबा स्वच्छ कर. नंतर दोन आठवडे हात लावायचा नाही, मुताचा ओला कोपरा तेवढा चमच्यानं काढायचा. शेजारच्या पोरांना दाखवायला झाकण उघडशील तर घाबरून ती पिल्लं खाऊन टाकेल. पिल्लू बाहेर पडलंच, तर घरट्यातल्या टिश्यूत चमचा घोळवून त्यानं आत सरकव. ती कण्हत बसली, रक्त थांबेना, तर मात्र वाट बघू नकोस. गावातले डॉक्टर गाई-म्हशींचे. ससे-पक्षी बघणारा पुण्याकडचा डॉक्टर आधीच शोधून नंबर लिहून ठेव, पण उगाच तपासायला तिला लोकलनं नेऊ नकोस.

दोन आठवड्यांच्या आसपास डोळे उघडतात. तीन आठवडे झाले की नर-मादी ओळखून वेगळे कर, चौथा उलटू देऊ नकोस. बहीण-भाऊ ते काही बघत नाहीत. मग वाटायची वेळ येईल. घेणाऱ्याला आधी विचार, डबे किती आहेत? एकच असेल तर एकच पिल्लू दे, जोडी मागितली तरी.